डिंभांची वसाहत की जागा धरणे?

समुद्रातल्या तेलप्रदूषणावरच्या लेखाचे भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे : ‘लार्व्हल सेटलमेंट’ला ‘डिंभांची वसाहत’ म्हटले तर चालेल का? (डिंभ म्हणजे लार्व्हा, अंड्यातून निघालेले, अजून पूर्ण रूप न आलेले पिल्लू.)

माझ्या मते नाही. वसाहत म्हणजे झालेली वस्ती. इथे गोष्ट आहे ती एकेका जिवाच्या कृतीची. बार्नेकल हा कवचधारी समुद्री जीवच घ्या. धक्क्याच्या खांबांवर, जहाजाच्या बुडाला पायाला खरचटणारी पांढुरकी कवचे दिसतात, ती याचीच. त्याचा डिंभ आधी पाण्यात तरंगत वाढतो आणि शेवटच्या अवस्थेत त्याला ‘सायप्रिस’ म्हणतात. सायप्रिस काही खात नाही, फक्त जागा शोधतो. शृंगिकांनी, म्हणजे डोक्यावरच्या मिशांसारख्या अवयवांनी, खडक चाचपतो, आपल्या जातीच्या रासायनिक खुणा ओळखतो, पसंत नसेल तर पुन्हा पोहू लागतो. एकदा पसंत पडली की चिकट स्राव सोडून कायमचा तिथलाच होतो.

याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : जागा धरणे. एस.टी.त आपण धरतो तीच जागा, रोप मूळ धरते तेच धरणे. त्यात निवड आहे आणि पकडही. ‘चिकटणे’ म्हटले की शोध हरवतो. ‘रुजणे’ मलाही फार आवडतो, पण रुजण्यात पुढचे जगणे-वाढणेही येते आणि अभ्यासक ते वेगळे मोजतात. त्याला ‘टिकणे’ म्हणावे.

शब्दाने अर्थ किती बदलतो पाहा. ‘तेलाचा वसाहतीवर परिणाम झाला’ वाचून वाटते, असलेले जीव मेले. ‘तेल बसलेल्या खडकावर डिंभ जागा धरत नाहीत’ हे नुकसान निराळे आहे : नवे जीव येऊनही परत फिरतात.

१८ मार्च १९६७ रोजी ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या पश्चिमेला खडकांवर आदळले. तेल घालवायला किनाऱ्यावर जी रसायने फवारली, त्यांनी शेवाळ खरवडून खाणारे लिंपेट, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या समुद्री गोगलगाई, मोठ्या संख्येने मेले. चरणारेच उरले नाहीत, तेव्हा खडक आधी हिरवे झाले, मग त्यांवर मोठे समुद्रशैवाल दाटले आणि त्याखाली बार्नेकल कमी झाले. या साऱ्याला ‘वसाहतीवर परिणाम’ म्हटले तर काहीच कळत नाही. बार्नेकलची जागा शैवालाने धरली, असे लिहिले की घडले ते डोळ्यांपुढे येते.