अंतराळातील धुळीचा कण कसा तपासतात?

प्रश्न : धूमकेतू व लघुग्रहांपासून सुटलेली सूक्ष्म धूळ पृथ्वीवर येत असते, असे वाचले. एवढ्याशा कणात कोणती खनिजे आणि कोणते सेंद्रिय पदार्थ आहेत, हे कसे कळते?

उत्तर : जमिनीवर हे कण इथल्या मातीत मिसळून जातात. म्हणून ‘नासा’ची विमाने सुमारे 20 किलोमीटर उंचीवर, सिलिकोन तेलाचा थर दिलेल्या पट्ट्यांवर ते टिपतात. हेक्झेन या द्रावकाने तेल धुतल्यावर हाती येतो तो बहुधा केसाच्या जाडीहूनही बारीक, काळा कण. काही कण तर द्राक्षांच्या घडासारखे सच्छिद्र दिसतात.

खरी कसोटी पुढेच आहे. कापण्यासाठी कण कशात तरी बसवावा लागतो. राळ वापरली तर तिच्यातला कार्बन आणि कणातला कार्बन वेगळा ओळखणे कठीण होते, म्हणून संशोधक तो गंधकात बसवतात, हिऱ्याच्या पात्याने त्याचे 100 नॅनोमीटरहून पातळ काप काढतात आणि मग सौम्य उष्णतेने गंधक उडवून लावतात. या साऱ्या अभ्यासातली मला सर्वांत सुंदर वाटणारी युक्ती हीच.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ऑलिव्हिन व पायरॉक्सिन ही सिलिकेट खनिजे, लोहाची सल्फाइडे (लोह-गंधकाची संयुगे) आणि धातूचे अतिसूक्ष्म कण पोटात बाळगणारी काच दिसते. सेंद्रिय पदार्थातील कार्बन-हायड्रोजन बंध 3.4 मायक्रोमीटरजवळचे अवरक्त किरण शोषतात, त्यावरून ते ओळखता येतात. मात्र सिलिकोन तेलाचे शोषणही जवळपास तिथेच होत असल्याने कण नीट धुतला गेल्याची खात्री आधी करावीच लागते. काही कणांतील सेंद्रिय द्रव्यात ड्युटेरियमचे (जड हायड्रोजनचे) प्रमाण पृथ्वीवरील पाण्याच्या कित्येक पट आढळते, आणि असे द्रव्य अतिथंड जागी घडले असावे, असे त्यावरून मानले जाते.