घरी बनवलेल्या लाकूड-लेथच्या टूलसाठी कार्बाइड इन्सर्ट कुठून घ्यावेत? सीएनसीवरचे टिप चालतील का?

सीएनसीवरचे, म्हणजे धातू कापणाऱ्या कॉम्प्युटर-मशीनचे टिप (इन्सर्ट, स्क्रूने बसणारा धारेचा तुकडा) नकोत. फुकट मिळाले तरी नकोत. ‘मित्र भोसरीच्या वर्कशॉपमधून सीएनएमजी आणून देतो म्हणतोय’ हे तुमचं वाक्य वाचलं (सीएनएमजी हा धातू कापायच्या टिपचाच एक प्रकार) आणि राहवलं नाही, कारण याच गोष्टीवरून आमच्या घरात कित्येक वर्षं वाद चालू आहे.

माझे दाजी चाकणला सीएनसी सेटर आहेत. कामाला एक नंबर माणूस. मी कातकाम सुरू केल्याचं कळल्यावर डबीभर सोनेरी टिप घेऊन आले, कोरे करकरीत. म्हणाले, “अरे, पोलाद कापतं हे, लाकडाची काय कथा!” टूलच्या लोखंडी बारला टिपची बैठक केली, टॅप मारून स्क्रूचे आटे पाडले, टिप बसवला आणि शिसवाचा वाडगा लावला. ढलप्या निघायच्या तर नुसता बारीक भुसा उडत होता. लाकडाच्या आडव्या रेषेवर तंतू उपटलेले, हात लावला तर टोचत होते. दाजी म्हणाले, स्पीड वाढव, जोर लाव. जोर लावला तर बारच थरथरायला लागला.

मग मी रंधा मशीनची चौकोनी नाइफ आणली आणि दाजींसमोरच नाइफ आणि टिप, दोन्ही अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून ओढले. नाइफ नखात रुतली, पांढरा पापुद्रा निघाला. सोनेरी टिप नुसता घसरला. भिंगातून बघितलं तर त्याची धार चक्क गोलसर. झिजून नव्हे, ती तशीच बनवतात. पोलादावर कड तुटू नये म्हणून मुद्दाम मारलेली असते, वर कोटिंगचा थर. मशीनच्या ताकदीला ते चालतं, हाताच्या ताकदीला नाही. शिवाय सीएनएमजीमधला ‘एन’ म्हणजे धारेखालचा उतार शून्य अंश. मशीनवरचा होल्डर टिपला तिरका धरतो म्हणून खालची बाजू घासत नाही. तुमच्या सपाट बारवर ती घासणारच.

यावर दाजींचं उत्तर एकच, “कार्बाइड ते कार्बाइड.” नाही हो! कडकपणा वेगळा आणि धार वेगळी.

तुम्हाला हवी ती रंधा मशीनच्या हेलिकल कटरहेडला (नाइफ बसवलेल्या फिरत्या रुळाला) लागणारी नाइफ: १४ किंवा १५ मिमी चौरस, २ ते २.५ मिमी जाड, ३० अंशांच्या आसपास उतार, चार धारा. फर्निचर कारखान्यांना कटर पुरवणाऱ्यांकडे मिळते, ऑनलाइनही मिळते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला गेलात तर ‘लाकडाची, रिव्हर्सिबल’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर धातूचेच टिप पुढे करतील. धार किंचित बाक दिलेली असेल तर उत्तम, कोपरे लाकडात अडकत नाहीत. वाडग्याच्या आतल्या बाजूला गोल कटर घ्या. धातूच्या दुकानातूनच घ्यायचं असेल तर अ‍ॅल्युमिनियमसाठी येणारे सीसीजीटी मागा: बिनकोटिंगचे, पॉलिश केलेले, उतार ७ अंश. बारीक कामाला बरे पडतात.

आधी कटर आणि त्याचा स्क्रू हातात घ्या, मगच बारला भोक पाडा. बार १२ मिमी चौरसपेक्षा बारीक नको.

आणि हो, चांगली नाइफ लावली तरी ती खरवडतेच. मऊ लाकडावर परजलेल्या गोल पटाशीची सफाई तिला येत नाही. धार गेली तर वरची सपाट बाजू डायमंड प्लेटवर पाणी टाकून घासा. ग्राइंडरवर कोरडं घासू नका, त्या धुळीत कोबाल्ट असतो, तो फुप्फुसांना वाईट.

मित्राने टिप आणून दिलेच असतील तर भंगारवाल्याला विका, पण लोखंडात मिसळू देऊ नका. कार्बाइडचा भाव वेगळा आणि लोखंडाच्या कितीतरी पट असतो.