नाव कोणाच्या नावावर आहे?

प्रश्न : गुहागरजवळ आमचा होमस्टे आहे. वेबसाइट गावातल्याच एका मुलाने करून दिली होती. तो आता बेंगळुरूला असतो. पावसाळ्यात बुकिंग बंद, त्यामुळे तिकडे कोणी फिरकलं नाही. गणपतीनंतर नेहमीच्या एका पाहुण्यांचा फोन आला, की तुमच्या साइटवर भलत्याच जाहिराती दिसतायत. बघितलं तर साइटच्या डॉट कॉम नावाची, म्हणजे डोमेनची, मुदत जुलैतच संपलेली. एरवी हजार-बाराशे लागायचे, आता नाव नोंदवणारी कंपनी नऊ हजार मागते. ही फसवणूक आहे का? सरळ नवं नाव घ्यावं का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : फसवणूक असेलच असं नाही. डॉट कॉमची मुदत संपल्यावर काही दिवस नेहमीच्या दराने नूतनीकरण करता येतं. किती दिवस, ते कंपनीगणिक बदलतं, पण फार तर ४५. मग नाव काढून टाकलं जातं आणि ३० दिवसांचा ‘रिडेम्प्शन’चा काळ लागतो. तेव्हा नाव सोडवायचं तर दंड पडतो. त्यानंतर ५ दिवस कुणालाच हात लावता येत नाही, मग नाव मोकळं. सुटलेली नावं क्षणात उचलणाऱ्या कंपन्या टपलेल्याच असतात. ‘सुटू दे, मग स्वस्तात घेऊ’ असं कोणी सुचवलं तर ऐकू नका.

पैसे भरण्याआधी आयकॅन या डोमेनचा कारभार बघणाऱ्या जागतिक संस्थेच्या लुकअप (नावाची नोंद शोधायच्या) पानावर आपल्या साइटचं नाव टाका. ‘रिडेम्प्शन पीरियड’ असं दिसलं तर दंड खराच. तो किती, हे कंपनीने आपल्या साइटवर दाखवायला हवं, ते ताडून बघा. त्यात पुढच्या वर्षाची फी आणि जीएसटी धरलाय का, हे लेखी विचारा. ‘पेंडिंग डिलीट’ (म्हणजे ते शेवटचे ५ दिवस) दिसलं तर मात्र कुणालाही एक रुपया देऊ नका, वेळ गेली. आणि यातलं काहीच दिसत नसेल, तर नऊ हजार कशाचे, म्हणून खुशाल भांडा.

माझं मत विचाराल तर भरा. रस्त्यावरची पाटी, कार्डं, जुन्या पाहुण्यांच्या फोनमधला पत्ता, सगळीकडे तेच नाव आहे.

खरा घोळ तारखेचा नाहीच. मुदतीआधी सुमारे महिनाभर, मग आठवडाभर आणि संपल्यावर ५ दिवसांच्या आत अशी सूचना पाठवणं कंपनीवर बंधनकारक आहे. त्या मेल गेल्या कुठे? बहुधा त्या मुलाच्या कॉलेजच्या पत्त्यावर. किंवा त्याहून वाईट, तुमच्याच साइटच्या नावाने केलेल्या पत्त्यावर. नाव बंद पडलं की तो मेलही बंद, आणि पासवर्ड बदलायची लिंक तिथेच जाते! जमिनीचा सातबारा आपण शेजाऱ्याच्या नावावर ठेवतो का? त्या मुलाला आजच फोन करा. खातं, मोबाइल नंबर आणि मालक म्हणून नाव तुमचं करून घ्या. पत्ता साध्या जीमेलचा. पोरगा भला असेल, पण नोकऱ्या आणि नंबर बदलतात.

‘ऑटो-रिन्यू चालू होतं ना?’ हेही नेहमी ऐकतो. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप रक्कम कापायला आधी ओटीपी देऊन मंजुरी नोंदवावी लागते. परदेशी कंपन्यांकडे ती बरेचदा नोंदलेलीच नसते; साइटवर ‘चालू’ दिसतं, पैसे कटत नाहीत. त्यापेक्षा तीन-चार वर्षांचे एकदम भरा. कमाल १० वर्षांचे भरता येतात.

लाज वाटून घेऊ नका. १९९९च्या नाताळात खुद्द मायक्रोसॉफ्टचं पासपोर्ट डॉट कॉम हे नाव फी न भरल्याने अडकलं. त्यांच्या हॉटमेल या मेलसेवेचं लॉगिन त्यावरूनच व्हायचं, त्यामुळे हॉटमेलवाल्यांचे हाल झाले. शेवटी मायकेल चेनी नावाच्या एका प्रोग्रामरने आपल्या खिशातून ३५ डॉलर भरले.

आता एक जपा. नाव परत मिळालं की ‘तुमचं डोमेन संपतंय, तातडीने भरा’ अशा मेल भलत्याच कंपन्यांकडून येऊ शकतात. लुकअप पानावर ‘रजिस्ट्रार’ म्हणून जी कंपनी दिसते, तिच्याच साइटवर स्वतः जाऊन पैसे भरा. मेलमधल्या लिंकवरून नको.