टेल्सचा ‘स्कायपट्रोल’ पहिल्याच टप्प्यात मारतो, काय चुकतंय? आणि त्यासाठी जपानी गेम गिअर घ्यावा का?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत: पहिला टप्पा पार होत नाही, हा गेम आज रीतसर कुठे मिळतो, आणि ओळखीतला कुणी जपानहून कोल्हापूरला येताना जुना गेम गिअर (सेगाचं हातात धरून खेळायचं यंत्र) आणतोय तो घ्यावा का. पहिल्या प्रश्नावर जास्त लिहितो, कारण बाकीच्या दोन्हींचा निर्णय बराचसा त्यावरच होतो.

आधी एक घोळ मिटवू. १९९५ साली सेगानं गेम गिअरवर टेल्सचे, म्हणजे सोनिकच्या दोन शेपट्यांच्या कोल्ह्या मित्राचे, दोन स्वतंत्र गेम काढले. एप्रिलमध्ये ‘टेल्स स्कायपट्रोल’, तो गेम गिअरच्या काळात जपानबाहेर विकलाच गेला नाही. त्याच वर्षी पुढे ‘टेल्स ॲडव्हेंचर’ आला, तो ॲस्पेक्ट या कंपनीनं बनवलेला. यूट्यूबवर लोक बिनधास्त एकाचं नाव दुसऱ्याला देतात. ज्यात टेल्स सतत उडतोय, पडदा आपोआप पुढे सरकतोय आणि समोर विचकार्ट नावाची चेटकीण आहे, तो स्कायपट्रोल. ज्यात तो चालतो आणि बॉम्ब टाकतो, तो ॲडव्हेंचर. तुम्ही वर्णन केलंय ते स्कायपट्रोलचंच.

आता मरण्याबद्दल. बहुतेक जण हा गेम विमानाच्या गोळीबाराच्या गेमसारखा खेळतात: दिसला शत्रू की बटण दाब. इथं ते चालत नाही. टेल्सकडे गोळ्या नाहीत, एकच रिंग आहे, आणि ती शस्त्रापेक्षा अडकवायचा हुक म्हणून जास्त कामाची. तिनं वस्तू पकडता येतात, त्यांना लोंबकळता येतं, वाट मोकळी करता येते. शत्रू मारण्यासाठी रिंग फेकताना टेल्स ज्या उंचीवर असतो, त्याच उंचीवर पुढे भिंत आलेली असते, आणि तुमची नजर अजून त्या शत्रूवर असते. या गेममध्ये शत्रूपेक्षा भिंतीनं जास्त जीव जातात. शत्रूचा धक्का लागला तर टेल्सचा तोल जातो, तो खाली येऊ लागतो, आणि जागा असेल तर सावरतो. तोल गेलेला असताना भिंत किंवा जमीन लागली की संपलं. शत्रू धोकादायक आहे तो एवढ्यासाठीच की तो तुम्हाला भिंतीकडे ढकलतो.

यातून खेळायची पद्धत आपोआप ठरते. टेल्सला पडद्याच्या डाव्या तिसऱ्या हिश्शात ठेवा. डावीकडे दाबलं की तो मागे रेंगाळतो, उजवीकडे दाबलं की पुढे सरतो. पुढे सरणं म्हणजे समोरचं दिसायचं अंतर स्वतःच्या हातानं कमी करणं. गेम गिअरचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा. टेल्स मध्यावर असेल तर समोर ८० ठिपकेच उरतात, डाव्या तिसऱ्या हिश्शात असेल तर शंभराच्या वर. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण खेळताना पहिल्या दहा मिनिटांतच जाणवतो.

उंची ठेवायची ती मोकळ्या जागेच्या मध्यापेक्षा थोडी वर, कारण धक्का लागल्यावर घसरण खालीच होते आणि सावरायला जागा लागते. मात्र छताला चिकटून उडू नका, छतही भिंतच आहे. आणि नजर टेल्सवर नको, पडद्याच्या उजव्या कडेवर हवी. महाद्वार रोडवर सणाच्या गर्दीत गाडी काढताना कुणी पुढच्या चाकाकडे बघत नाही, तसंच. टेल्स कुठं आहे ते डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतंच.

दुसरं मोठं कारण दमाची पट्टी. टेल्स सतत उडतो म्हणजे सतत दमतो, पट्टी उतरत जाते, आणि वाटेतल्या गोळ्या-चॉकलेटांसारख्या खाऊनं ती भरते. नवा खेळाडू दिसेल तो खाऊ घ्यायला झेपावतो आणि खाऊसकट भिंतीत जातो. खाऊ मुद्दाम अडचणीच्या जागी ठेवलेला असतो, हे गृहीत धरा. पट्टी अर्ध्यावर असेल तर अडचणीतला खाऊ सोडा. पाव उरली की मात्र घ्यायलाच हवा, आणि तेव्हा आधी उंची जुळवायची, मग पुढे सरायचं. तिरकं जाऊन टिपायचा प्रयत्न केला की तिरक्या वेगात थांबणं जमत नाही.

रिंगनं काहीही पकडण्याआधी एक प्रश्न विचारा: सोडल्यावर मी कुठं असेन? पकडलेल्या वस्तूच्या वाटेनं टेल्स जातो. ती वाट जिथं संपते तिथं बऱ्याचदा लगेच अडथळा असतो. त्यामुळे सोडायची वेळ पकडायच्या वेळेपेक्षा महत्त्वाची. रेल कॅन्यन या टप्प्यात तर खाणीतल्या गाड्यांमुळे हा हिशोब पावलोपावली येतो. रुइन वुड, मेटल आयलंड आणि शेवटी डार्क कॅसल, सगळीकडे तत्त्व तेच राहतं, फक्त जागा अरुंद होत जाते. पहिला सरावाचा टप्पा म्हणूनच घाईनं उरकू नका. तो सोपा असायला हवा होता, तसा तो नाही, हे मान्य. सरावाच्या नावाखाली गेम सरळ परीक्षाच घेतो. पण तिथं जी सवय लागते तीच पुढे उपयोगी पडते.

सरावाची माझी शिफारस अशी. एक फेरी रिंग अजिबात न वापरता, फक्त चुकवत खेळा. जिथं रिंगशिवाय जाताच येत नाही, त्या जागा त्यातूनच कळतात, आणि त्या तुम्हाला वाटतात त्यापेक्षा कमी असतात. मग दुसऱ्या फेरीत फक्त त्या जागी रिंग वापरा. स्वतःच्या कॅसेटवरून काढलेली प्रत रेट्रोआर्कमध्ये (जुनी यंत्रं संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम) चालवत असाल तर जेनेसिस प्लस जीएक्स हा त्यातला कोअर, म्हणजे यंत्राची नक्कल करणारा भाग, गेम गिअर व्यवस्थित चालवतो. मूळ सेटिंगप्रमाणे एफ-२ नं स्थिती साठवली जाते, एफ-४ नं परत येते, ई धरून ठेवलं की गेम संथ होतो. अडलेल्या जागेच्या दोन-तीन सेकंद आधी स्थिती साठवा, अगदी तोंडावर नको. तोंडावर साठवलं तर तिथवर चुकीच्या उंचीवर पोचलात ही खरी चूक कायमची गोठून बसते आणि तुम्ही नको त्या गोष्टीचा सराव करत राहता.

मोबाईलच्या काचेवरची बटणं या गेमला चालत नाहीत. अंगठा घसरला की दिशा सुटते आणि कळतही नाही. साधा यूएसबी वायरचा कंट्रोलर घ्या. टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीचा गेम मोड आधी चालू करा. गेममध्ये सेकंदाला साठ चित्रं, म्हणजे एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांचं. टीव्हीनं स्वतःच्या रंगरंगोटीसाठी १०० मिलिसेकंद उशीर केला तर तुम्ही सहा चित्रं जुनं बघून बटण दाबताय. भिंत लागल्यावर ‘मी तर वेळेत दाबलं होतं’ असं वाटतं त्यामागे कित्येकदा हेच असतं. रेट्रोआर्कमध्ये लेटन्सीच्या सेटिंगखाली बटणाचा उशीर कमी करणारा रन-अहेड आहे, तो एक चित्रावर ठेवा. जास्त वाढवला तर चित्र अधूनमधून उडी मारतं. चित्राचा आकार पूर्ण पटीत ठेवायचा: १०८० च्या पडद्यावर सातपट, १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर पाचपट. अर्धवट पटीत ठिपके लहान-मोठे दिसतात आणि पडदा सरकताना कडा थरथरतात.

आता रीतसर कुठे. आज सगळ्यात सोपा रस्ता ‘सोनिक ओरिजिन्स प्लस’. जून २०२३ मध्ये आलेल्या या आवृत्तीत गेम गिअरचे बारा गेम आहेत आणि त्यात टेल्सचे दोन्ही आहेत. स्टीम, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच सगळीकडे. फसगत एका ठिकाणी होते: २०२२ चा नुसता ‘ओरिजिन्स’ स्वस्तात दिसतो म्हणून घेतला तर त्यात हे गेम नाहीत, प्लसची भर वेगळी घ्यावी लागते. जुन्यांपैकी २००५ च्या ‘सोनिक जेम्स कलेक्शन’मध्ये दोन्ही आहेत. २००३ च्या ‘सोनिक ॲडव्हेंचर डीएक्स’मध्येही आहेत, पण तिथं आधी मुख्य गेममधली चिन्हं जमवावी लागतात. आणि स्टीमवर आज जो डीएक्स मिळतो त्यातून गेम गिअरचे गेम काढून टाकलेत, तेव्हा यासाठी तो घेऊ नका.

प्लस घेतलाच तर आधी ॲडव्हेंचर खेळा असं मी म्हणेन. अवघड तोही आहे, पण न्यायानं अवघड. त्यात मेलात तर सगळं बुडत नाही, नकाशावर परत येता. एका वेळी चारच वस्तू बरोबर नेता येतात आणि बदलायच्या तर टेल्सच्या घरी परतावं लागतं. इथंच लोक वैतागतात, कारण चारही जागा बॉम्बनं भरून निघतात आणि अर्ध्या वाटेत अरुंद बीळ लागतं. एक जागा छोट्या रिमोट रोबोटसाठी कायम राखून ठेवा. टेल्स जाऊ शकत नाही अशा फटींमधून तो जातो, आणि बऱ्याच वस्तू अशाच फटींपलीकडे आहेत. हिरे मिळाले की उडायची मर्यादा वाढते, म्हणून अडलात तर पुढे डोकं आपटण्याऐवजी जुन्या जागा पुन्हा धुंडाळा. पाण्यातल्या टप्प्यांना सी फॉक्स ही पाणबुडी लागते, तिचे सुटे भागही त्याच धुंडाळण्यात मिळतात. मूळ यंत्रावर प्रगती पासवर्डनं जपली जाते. तो उतरवून घेताना गफलत होते, फोटोच काढून ठेवा.

राहिला गेम गिअर. गेम खेळण्यासाठी घेत असाल तर नको. संग्रहासाठी, दुरुस्तीची हौस म्हणून घेत असाल तर घ्या, पण डोळे उघडे ठेवून. स्कायपट्रोलपुरतं बघायचं तर मूळ पडद्याचा वेग इतका मंद आहे की सरकणारी भिंत पुसट, ओढल्यासारखी दिसते. हा गेम निम्मा अवघड त्या पडद्यामुळेच वाटत असणार. सहा एए सेलवर तो तीन ते पाच तास चालतो. १.२ व्होल्टचे चार्जिंगचे सेलही चालतात, आणि इथं तेच परवडतील. कॅसेटला देशाचं कुलूप नाही, जपानी कॅसेट कुठल्याही गेम गिअरवर चालते.

जपानचा ॲडाप्टर मात्र सोबत आला तर आपल्या भिंतीत घालू नका. तिथला पुरवठा १०० व्होल्टचा, आपला २३०. ॲडाप्टर जाईलच, नशीब वाईट असेल तर यंत्रही. यंत्रावर छापलेला व्होल्टेज आणि सॉकेटमधल्या पिनेचा प्लस-मायनस बघून इथला ॲडाप्टर घ्या. पिन बसली म्हणजे ॲडाप्टर जुळला असं धरू नका.

खरी दुखरी नस कपॅसिटर. तीस वर्षांत ते गळतात, हे आता अपवाद नाही, नियम आहे. आधी स्पीकरचा आवाज क्षीण होतो, मग पडदा फिका पडतो, शेवटी चालू होऊन लगेच बंद पडतो. आत तीन बोर्ड आहेत: मुख्य, आवाजाचा आणि वीजपुरवठ्याचा. तिन्हींवरचे कपॅसिटर एकदमच बदलायचे, एकेक बदलण्यात मजुरी दुप्पट जाते. एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावर डकवायच्या बारीक भागांचं) काम करणारा चांगला मोबाईल दुरुस्तीवाला हे करू शकतो, पण त्याला दोन गोष्टी आधी सांगा. गळलेल्या रसायनानं बोर्डावरचे पॅड, म्हणजे कपॅसिटर डकवायच्या धातूच्या टिकल्या, सैल झालेले असतात, तेव्हा जुना कपॅसिटर ओढायचा नाही, नाहीतर पॅडसकट निघतो. काढल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं जागा नीट धुवायची, मगच नवा लावायचा. आणि साध्या ॲल्युमिनियमच्या कपॅसिटरवरची पट्टी मायनस दाखवते, टँटलम या दुसऱ्या प्रकारच्या कपॅसिटरवरची पट्टी प्लस. सवयीनं उलटा बसवला तर टँटलम पेट घेतो. किमती न विचारता आधी बोर्डावरची आवृत्ती आणि प्रत्येक जागेचं मूल्य उतरवून घ्या, कारण आवृत्तीनुसार यादी बदलते.

यंत्र उघडायला ४.५ मिलिमीटरचा गेमबिट (गेम यंत्रांच्या खास स्क्रूंचा) पाना लागतो, कॅसेटला ३.८ चा. ऑनलाइन दोन्ही मिळतात. लोक पेनची नळी तापवून स्क्रूवर दाबतात आणि तिचाच पाना करतात, ते एकदा चालतं. उद्यमनगरात कुणी लेथवाला ओळखीचा असेल तर तोही करून देईल, पण त्याला नमुना म्हणून स्क्रूच लागेल, आणि स्क्रू काढायला पाना.

पैसे देण्याआधी आणणाऱ्याकडून व्हिडिओ मागवा. चालू करून पाच मिनिटं तशीच ठेवलेली, आवाज पूर्ण, आधी स्पीकरवर मग हेडफोनवर. हेडफोनवर नीट आणि स्पीकरवर नाही, किंवा उलट, तर बिघाड आवाजाच्या बोर्डाकडे. सेलची दोन्ही बाजूंची झाकणं उघडून स्प्रिंगा दाखवायला सांगा. पांढरी-हिरवी पूड म्हणजे सेल गळलेत. वरवरची असेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन निघते, मग अल्कोहोलनं पुसून कोरडं करायचं. ती पूड वायरींतून आत शिरलेली दिसली तर किंमत निम्मी करा किंवा सोडून द्या. घेतलाच तर वापरात नसताना सेल बाहेर काढा, आणि जून ते सप्टेंबर, आपल्याकडच्या पावसात, सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून बंद डब्यात ठेवा.