कॅज्युअल्टीच्या पोस्टिंगआधी

प्रिय डॉक्टर,

पुढच्या आठवड्यात तुझी कॅज्युअल्टी सुरू होतेय, तीही ऐन पावसाळ्यात आणि तालुक्याच्या गावी. म्हणून घाईनं लिहितोय.

ओपीडीत नंबर असतो, इथे नसतो. कोण थांबू शकतो आणि कोण नाही, हे ठरवणं पहिलं काम, निदान नंतर. हात मोडलाय म्हणून ओरडणारा निदान श्वास तरी घेतोय. त्याला इंजेक्शन दे, हाताला आधार दे, पण नजर गप्प पडलेल्यांवर ठेव. छातीत जळजळ सांगणाऱ्याचा ईसीजी दहा मिनिटांत हातात हवा, घरच्यांनी ‘ॲसिडिटीच आहे’ अशी कितीही खात्री दिली तरी.

पहाटे कुणी पोट दुखतंय म्हणून येईल. रात्री जमिनीवर झोपला होता का, हे विचार आणि पापण्या बघ. मण्यार चावलेलं कळतही नाही. वळ नाही, सूज नाही. पापण्या जड झाल्या, गिळता येईना, की पुढचा नंबर श्वासाचा. अशा वेळी दंशाची खूण शोधत बसू नकोस. प्रतिविष सुरू कर, अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) उशाशी ठेव.

घोणस, फुरशाचं वेगळं, तिथे रक्त गोठतंय का ते बघायचं. दोन मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घे आणि वीस मिनिटं हलवू नकोस. मग एकदाच तिरकी कर. गोठलं नसेल तर प्रतिविष. नळी प्लॅस्टिकची किंवा साबणानं धुतलेली असली तर निकाल फसवा येतो. वॉर्डबॉय मामांना आधीच सांगून ठेव, नाहीतर ते हौसेनं घासून ठेवतात. आणि लहान मुलाला डोस कमी करायचा नाही. सापानं विष वजन बघून सोडलेलं नसतं.

लकव्याच्या पेशंटला ‘शेवटचा धडधाकट कधी दिसला?’ हे विचार. गुठळी विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आतच चालतं. सीटी स्कॅन नसेल तर 108 ची ॲम्ब्युलन्स बोलाव आणि पुढच्या हॉस्पिटलला फोन करूनच पाठव.

एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद चोख हवी, पण उपचारानंतर. सुप्रीम कोर्टानं 1989 मध्येच परमानंद कटारा खटल्यात तसं बजावलंय. हवालदार ताटकळला तर ताटकळू दे.

आणि स्टेथोस्कोप स्वतःचा ने. तिथला कधीच सापडत नाही.

तुझा,
सर