हाडं ठिसूळ असताना घोट्यात टाकलेली प्लेट टिकते का?

तुमच्या आईंचं वय ७२, हाडं ठिसूळ, घोटा मोडलाय आणि डॉक्टर प्लेट टाकायची म्हणतात. स्क्रू धरतील का, ही तुमची काळजी रास्त आहे. साधी प्लेट स्क्रूच्या पकडीवरच हाडाला घट्ट दाबून बसते, आणि वाळवी लागलेल्या लाकडासारखं हाड असेल तर स्क्रू सैल होतो. म्हणून अशा वेळी बरेच सर्जन लॉकिंग प्लेट वापरतात. तिच्या स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात, ते प्लेटमध्येच घट्ट बसतात. त्यामुळे एकेक स्क्रू सुटा उपटून येणं अवघड होतं. काही जण फिब्युलाच्या (घोट्याच्या बाहेरच्या अंगाचं बारीक हाड) मागच्या बाजूने प्लेट लावतात. तिथे मांसाचं आवरण जास्त असतं आणि स्क्रूला पकडही बरी मिळते.

मला मात्र स्क्रूपेक्षा जखमेची धास्ती जास्त वाटते. घोट्यावरची कातडी पातळ. सूज उतरून तिच्यावर बारीक सुरकुत्या दिसेपर्यंत थांबायला सांगितलं तर घाई करू नका. मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात आणा.

ऑपरेशनच हवं का, हेही जरूर विचारा. ब्रिटनमध्ये साठीपुढच्या ६२० रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१६) नीट बसवलेल्या प्लास्टरने सहा महिन्यांनी ऑपरेशनइतकंच काम साधलं. काहींना पुढे ऑपरेशन लागलं, ते वेगळं. पाय टेकवायचा कधी, हे सर्जनकडूनच ठरवून घ्या. आणि डेक्सा तपासणी (हाडांची घनता मोजणारी), ड जीवनसत्त्व, ऑस्टिओपोरोसिसचं म्हणजे हाडांच्या ठिसूळपणाचं औषध आत्ताच सुरू करण्याबद्दल बोला. पुढचा धोका खुब्याच्या हाडाला आहे.