खच्ची बोकडाला रोज किती खुराक घालावा? बोअरच्या पाण्यानं मुतखडा होतो का?

तुमचा बोकड पंचवीस किलोचा, खच्ची केलेला, सोलापुरात घराशेजारी बांधलेला, असं लिहिलंय. मग खुराक (दाणा, कोंडा, पेंड) शून्य. विकायचा नाही, चरबी चढवायची नाही, तर भरडा कशाला?

बोअरच्या पाण्याचं मात्र मला सविस्तर सांगू द्या. आमचे मेहुणे मुतखड्यानं दोन बोकड गेल्यावरही बोअरलाच शिव्या घालतात. हंड्याला चढतो तो पांढरा थर चुन्याचा. दाण्यावरच्या बोकडाला होतो तो खडा बहुतेक वेळा फॉस्फेटचा, आणि त्यातला फॉस्फरस येतो घमेल्यातल्या दाण्यातून. एक किलो गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस साधारण ११ ग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम दीड. बोकडाला हवं याच्या उलट, म्हणजे फॉस्फरसच्या दुप्पट कॅल्शियम. मका, ज्वारी, सरकी पेंड यांचीही तीच गत. त्यात दाणा खाताना रवंथ कमी, लाळ कमी. लाळेवाटे पोटात जाऊन लेंडीतून बाहेर पडणारा फॉस्फरस मग लघवीत उतरतो. मेहुण्यांचे दोन्ही बोकड गिरणीतला कोंडा आणि शिळी भाकरी यांवर वाढलेले, अंगानं गुबगुबीत. पाहुणे कौतुक करायचे.

शेळीला हे फारसं होत नाही, तिची मूत्रनळी आखूड आणि रुंद. बोकडाची लांब, मध्ये इंग्रजी एससारखं वळण, आणि टोकाला गांडुळासारखी बारीक शेपटी. खडा या दोन जागी अडकतो.

रोजचं असं ठेवा: अर्धा किलो कडबा किंवा तुरीचं भुसकट, वर दोन-अडीच किलो हिरवा पाला. शेवरी, सुबाभूळ, बोर, बाभूळ, मिळेल ते, पण आलटून पालटून. लसूण घास (ल्युसर्न) रोज पोटभर नको, त्यात कॅल्शियम इतकं की मग चुन्याचे खडे होतात. कोंडा घालायचाच हट्ट असेल तर मूठभर, आणि २०० ग्रॅमला १० ग्रॅम खाद्यासाठीची चुनखडी पूड. डायकॅल्शियम फॉस्फेट नव्हे, त्यातही फॉस्फरस असतो. दुकानदार खनिज मिश्रण देतो तेव्हा पिशवीवर कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्हीचे आकडे बघा. मीठ चहाचा एक सपाट चमचा, पाल्यावर शिंपडून. मिठाची चाटण वीट टांगली म्हणजे झालं असं नाही, अंगात हवं तितकं मीठ तो चाटतोच असं नाही.

मिठामागचा डाव एवढाच, की त्यानं पाणी जास्त प्यावं. सोलापूरच्या उन्हाळ्यात या वजनाला रोज तीन-चार लिटर तरी जायला हवं. नळाला पाणी रोज येत नाही म्हणून पिंप भरून ठेवतात आणि त्यातलंच तीन दिवस चालवतात. पाण्याच्या घमेल्यात एक लेंडी पडली तरी बोकड तोंड फिरवतो. सकाळ-संध्याकाळ घमेलं घासा, सावलीत ठेवा.

लघवी आंबट राहावी म्हणून अमोनियम क्लोराईड देतात, वजनाच्या किलोला सुमारे २०० मिलीग्रॅम, म्हणजे तुमच्या बोकडाला ५ ग्रॅम. हाच नवसागर, पण कल्हईवाल्याकडचा नको, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. डॉक्टरांना विचारूनच द्या, ल्युसर्नसोबत उपयोग नाही.

रोज मुताची धार बघा. पाठ कमान करून ताणतोय, शेपटी फडफडवतोय, ओरडतोय, थेंब थेंब गळतंय, मुताच्या जागेवरच्या केसांना खडीसाखरेच्या कणांसारखे दाणे चिकटलेत, तर ते बद्धकोष्ठ नव्हे. एरंडेल पाजू नका, पाणी जबरदस्तीनं पाजू नका. एक-दोन दिवसांत मूत्राशय किंवा नळी फुटते. डॉक्टर मूत्रनळीचं ते बारीक टोक कापून पाहतात, खडा तिथेच असेल तर बोकड सुटतो, पण वळणात असेल तर अवघड.

लवकर खच्ची केलेल्यांची नळी बारीकच राहते. पुढचा बोकड आणलात तर निदान चार-पाच महिने थांबा, मात्र तोवर शेळ्यांपासून वेगळा बांधा.

आणि हो, बोअरचं पाणी इतकं खारं असेल की तो तोंडच लावत नाही, तर पाणी कमी प्यायल्यानं खडा होईल. तेवढ्यापुरतं मेहुण्यांचं खरं.